वारंवार पोट दुखतंय: निदानापर्यंत कसं पोहोचायचं

एकदा पोट दुखलं आणि थांबलं, तर त्यात डोकं घालायची गरज नसते. बाहेरचं खाणं झालं, दोन दिवस पोट बिघडलं, मग सगळं पूर्ववत. त्रास होतो तो पुन्हापुन्हा डोकं वर काढणाऱ्या दुखण्याचा. महिन्यातून दोन-तीनदा कळ येते, दुकानातून पित्ताची कॅप्सूल आणली की थांबते. कधी आपोआपच थांबते आणि श्रेय कॅप्सूलला जातं. अशात वर्ष निघून जातं. 'हिला पित्ताचा त्रास आहे' हे घरात ठरून जातं आणि नेमकं काय होतंय हे मग कोणी विचारत नाही. दुखणं अंगावर काढायची आपल्याला सवय आहे, बायकांना तर फारच.

डॉक्टरांपुढे तुम्ही बसता तेव्हा बहुतेक वेळा पोट दुखत नसतं. हाताला ते मऊ लागतं, सोनोग्राफी साफ येते. त्यांना दुखणं दिसतच नाही, ते तुम्हालाच त्यांच्यापर्यंत न्यावं लागतं. म्हणून अशा दुखण्याचं निदान व्हायला दोन गोष्टींची सर्वांत जास्त मदत होते: दुखण्याची नीट ठेवलेली नोंद, आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत तेच डॉक्टर. महागड्या तपासण्या त्यानंतर येतात. हा लेख त्याच क्रमाने लिहिला आहे.

आधी हे बघा: वाट पाहायचीच नाही अशी दुखणी

खालीलपैकी काहीही असेल तर नोंदवही, अपॉइंटमेंट सगळं बाजूला ठेवा आणि थेट रुग्णालय गाठा. वाहन नसेल तर १०८ला फोन करा.

अचानक सुरू झालेलं, असह्य दुखणं आणि हात लावू देणार नाही इतकं कडक झालेलं पोट. रक्ताची उलटी, किंवा काळीकुट्ट, चिकट, उग्र वासाची शौच. पोट फुगत चाललंय, उलट्या होताहेत आणि वारासुद्धा सरत नाही. बेंबीपाशी सुरू होऊन काही तासांत उजव्या ओटीपोटात येऊन बसलेलं दुखणं, सोबत ताप. डोळे पिवळे, थंडी वाजून ताप आणि उजव्या बरगडीखाली दुखणं.

पाळी चुकली आहे, ओटीपोटात एका बाजूला जोराची कळ येतेय आणि चक्कर येतेय, तर गर्भ नलिकेत राहिलेला असू शकतो. यात आतल्या आत रक्तस्राव होतो आणि तासाभराचा उशीरही जिवावर बेततो. 'शक्यच नाही' असं स्वतःशी ठरवून घरी बसू नका. लघवीची चाचणी दहा मिनिटांत होते.

पन्नाशीच्या पुढच्या किंवा मधुमेह असलेल्या माणसाला पोटाच्या वरच्या भागात दाबल्यासारखं दुखतंय, घाम फुटलाय, धाप लागतेय, तर आधी ईसीजी काढा. हृदयाच्या खालच्या भागाचा झटका कित्येकदा पोटदुखी म्हणूनच येतो आणि 'गॅस झालाय' म्हणून ओवा-सोडा घेण्यात महत्त्वाचा वेळ जातो.

आणखी एक गोष्ट मुलग्यांच्या आईवडिलांसाठी. वयात येणारा मुलगा 'पोट दुखतंय' म्हणून कळवळतो, पण दुखणं खरं तर अंडकोशात असतं आणि तो लाजेने सांगत नाही. अंडकोशाला पीळ पडला असेल तर साधारण सहा तासांत शस्त्रक्रिया झाली तरच तो वाचण्याची चांगली शक्यता असते. त्याला स्पष्ट विचारा.

धावपळ नको, पण आठवड्याच्या आत डॉक्टर

काही खुणा अशा आहेत की त्या असतील तर 'बघू पुढच्या महिन्यात' म्हणायचं नाही. प्रयत्न न करता वजन उतरणं, शौचातून रक्त जाणं, संध्याकाळी अंगात बारीक ताप राहणं, झोपेतून उठवणारं दुखणं, गिळताना घास अडकणं, वारंवार उलट्या, रक्त कमी झाल्याचं निघणं, पोटात हाताला गाठ लागणं. पंचेचाळीस-पन्नासनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली पोटदुखी किंवा बदललेली शौचाची सवय हीसुद्धा यातच धरायची. घरात कोणाला आतड्याचा किंवा पोटाचा कर्करोग झालेला असेल तर ते पहिल्याच भेटीत सांगा. यातली एखादी खूण असली म्हणजे आजार गंभीरच, असं नाही. पण ती असेल तर डॉक्टर नुसत्या औषधांवर न थांबता तपासणीकडे वळतात, म्हणून ती सांगायला विसरू नये.

दुखण्याची वही

यातलं काही नसेल तर दोन ते चार आठवडे नोंद ठेवा. एक साधी वही पुरते, मोबाइलमध्ये लिहिलंत तरी चालेल. अट एकच: दुखत असताना किंवा थांबल्यावर लगेच लिहायचं. आठ दिवसांनी आठवून लिहिलेल्या नोंदीत आपलाच अंदाज मिसळलेला असतो.

काय लिहायचं ते दोन नमुन्यांवरून कळेल. पहिला:

"मंगळवार, रात्री ११.२०. बेंबीच्या वर आणि उजव्या बरगडीखाली. एकसारखं दाबल्यासारखं, कळा येत-जात नाहीत. पाठीत उजव्या खवाट्याखालपर्यंत. दहापैकी सात. मळमळ, उलटी नाही. संध्याकाळी लग्नात जेवण, तुपातलं. कूस बदलून, चालून फरक नाही. १.३०ला थांबलं. ताप नाही. शौच नेहमीसारखी. याआधी असंच १९ तारखेला."

दुसरा:

"सोमवार, सकाळी ८.१५, ऑफिसला निघताना. ओटीपोट, डावीकडे जास्त. मुरडा. दोनदा शौच, दुसऱ्यांदा पातळ. मग बरं वाटलं. शनिवार-रविवार काही नाही. मागच्या सोमवारीही असंच."

या दोन्ही माणसांनी डॉक्टरांना नुसतं 'पोट दुखतं, गॅस होतो' सांगितलं असतं तर दोघांच्या हातात एकच चिठ्ठी पडली असती. नोंद वाचली की पहिल्याच्या बाबतीत पित्ताशयातल्या खड्याची शंका येते: जड जेवणानंतर काही तासांनी, बहुधा रात्री, अर्ध्या तासापेक्षा जास्त टिकणारं एकसारखं दुखणं, आणि मध्ये कित्येक दिवस पूर्ण शांतता. दुसऱ्याच्या नोंदीत दुखण्याचं नातं शौचाशी आणि कामाच्या ताणाशी आहे, म्हणजे विचार आतड्याच्या चालीकडे वळतो. एक पैसा खर्च न होता शोध अर्ध्यावर आला.

प्रत्येक वेळी एवढं लिहा: वेळ, जागा (एका बोटाने दाखवता येते की तळव्याने?), दुखण्याची तऱ्हा, ते कुठे पसरतं, किती टिकतं, त्याआधी काय खाल्लं, कशाने वाढलं आणि कशाने कमी झालं. तऱ्हा लिहायला आपल्याकडे शब्दांची वाण नाही. मुरडा, कळ, जळजळ, ठणका, टोचणं, गोळा उठणं, दाब यांतून डॉक्टरांना वेगवेगळं कळतं, तेव्हा जो खरा वाटतो तोच वापरा. शौचाचं वर्णन करायला संकोच वाटत असेल तर ब्रिस्टल तक्ता नावाचं चित्र इंटरनेटवर मिळतं. त्यात कडक खड्यांपासून पाण्यासारख्या पातळपर्यंत १ ते ७ असे प्रकार आहेत. नुसता आकडा लिहिला तरी काम होतं. पाळी येत असेल तर रोज पाळीचा कितवा दिवस हेही लिहा. हा एक आकडा किती उपयोगाचा ठरतो ते पुढे सांगतो.

या दिवसांत खाण्यातले पदार्थ सपाट्याने बंद करू नका. गहू, दूध, डाळी, तिखट असं सगळं एकदम सोडलं की बरं वाटलं तरी कशामुळे ते कळत नाही आणि पुढच्या काही तपासण्याही फसतात. दुधाची शंका असेल तर दोन आठवडे दूध आणि दुधाचा चहा बंद ठेवून बघा, मग पुन्हा सुरू करून बघा. दही-ताक चालतं आणि दूध चालत नाही, असं कित्येकांचं असतं.

पोटाचा नकाशा, आणि त्याच्या मर्यादा

जागेवरून अंदाज बांधता येतो. बेंबीच्या वर मध्यभागी, जळजळीसारखं, उपाशीपोटी किंवा जेवल्यावर: जठर आणि त्याच्या पुढच्या भागातला अल्सर किंवा आम्लता. त्याच जागी पण पाठीत आरपार जाणारं, पुढे वाकून बसल्यावर थोडं हलकं होणारं: स्वादुपिंड. कमरेच्या बाजूने सुरू होऊन जांघेकडे उतरणारी, माणसाला एका जागी बसू न देणारी कळ: मूतखडा. उजवं ओटीपोट: अपेंडिक्स, लहान-मोठ्या आतड्याचा सांधा, बीजांडकोश. मधोमध खाली: मूत्राशय, गर्भाशय.

पण हा नकाशा पक्का नाही. आतड्याच्या मज्जातंतूंना नेमकी जागा सांगता येत नाही, म्हणून लहान आतड्याचं दुखणं बेंबीभोवती धूसरपणे जाणवतं. इंटरनेटवर नकाशा पाहून स्वतःच निदान ठरवण्यापेक्षा जागा बोटाने दाखवा आणि अर्थ डॉक्टरांना लावू द्या.

औषधांची पिशवी

डॉक्टरांकडे जाताना घरात घेतली जाणारी सगळी औषधं पिशवीत घालून न्या. यादी करण्यापेक्षा हे बरं, कारण यादीतून नेमकी कारणीभूत गोळी सुटते. गुडघ्यासाठी रोज घेतलेली डायक्लोफेनॅक, एसिक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन किंवा हृदयासाठीची ॲस्पिरिन पोटात अल्सर करू शकते. लोहाच्या गोळ्या, मधुमेहाची मेटफॉर्मिन यांनीही पोट बिघडतं. वैद्यांकडची किंवा जत्रेत घेतलेली औषधं लपवू नका. काही भस्मयुक्त औषधांत शिसं सापडलेलं आहे, आणि शिसं अंगात साठलं की वारंवार पोटात कळा येतात, बद्धकोष्ठ होतं, रक्त कमी होतं. डॉक्टर रागावतील म्हणून गप्प बसलात तर रक्तातलं शिसं तपासायचं कोणाच्या मनातच येणार नाही. दारू, तंबाखू, मशेरी हेही खरं सांगा.

पित्ताच्या गोळ्यांबद्दल वेगळं सांगायला हवं. पॅन्टोप्रेझोल, ओमेप्रेझोल, रॅबेप्रेझोल या गोळ्या चांगल्या आहेत, पण त्या चालू असताना हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूची तपासणी खोटी 'निगेटिव्ह' येऊ शकते. हा जंतू पोटातल्या अल्सरचं मोठं कारण आहे. तिखट आणि काळजी यांनीच अल्सर होतो असं डॉक्टरही मानत, तोपर्यंत ऑस्ट्रेलियातल्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी हा जंतू दाखवून दिला. मार्शल यांनी १९८४मध्ये तो स्वतः पिऊन पाहिला, आणि २००५मध्ये दोघांना नोबेल मिळालं. श्वासाची, शौचाची किंवा दुर्बिणीतून तुकडा घेऊन केलेली चाचणी असेल तर या गोळ्या आधी दोन आठवडे आणि अँटिबायोटिक चार आठवडे बंद असावी लागतात. हे डॉक्टरांना विचारूनच करा. रक्तस्राव झालेल्या किंवा रक्त पातळ करणारी औषधं घेणाऱ्या माणसाने आपल्या मनाने गोळी थांबवू नये.

कोणाकडे जायचं

आधी ओळखीचे फॅमिली डॉक्टर किंवा एमडी मेडिसिन झालेले फिजिशियन. पोट म्हणून थेट सर्जनकडे किंवा थेट मोठ्या शहरातल्या पोटविकारतज्ज्ञांकडे धाव घेण्याची घाई नको. पोट दुखण्याची कारणं मूत्रपिंडात, गर्भाशयात, रक्तात, मणक्यात, अगदी हृदयातही असतात. सगळीकडे नजर टाकून योग्य दिशेला पाठवणारं माणूस आधी लागतं. धोक्याच्या खुणा असतील तर मात्र पोटविकारतज्ज्ञांची चिठ्ठी मागून घ्या.

खर्चाची चिंता असेल तर महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२३पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत, तपासणी आणि उपचार निःशुल्क आहेत. रक्त, लघवी, एक्स-रे तिथे होतात, जिल्ह्याच्या ठिकाणी सोनोग्राफीही होते. दुर्बीण आणि सीटी स्कॅनसाठी वैद्यकीय महाविद्यालयं बघावी: मुंबईत केईएम, सायन, जे. जे., पुण्यात ससून, नागपुरात मेडिकल, गोव्यात बांबोळीचं गोमेकॉ. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत मुख्यतः भरती होऊन घ्यायचे उपचार आणि शस्त्रक्रिया येतात, त्यामुळे ओपीडीतल्या तपासण्या तिच्यातून होतील असं धरून चालू नका.

पहिल्या भेटीत

गर्दीच्या ओपीडीत तुम्हाला पाच मिनिटं मिळतात. ती 'मला पित्त आहे' या वाक्याने सुरू केली तर चर्चा तिथेच मिटते. त्याऐवजी वहीतलं सार तीन-चार वाक्यांत सांगा: "सात महिने झाले. महिन्यातून तीनदा. इथे दुखतं, दोन तास टिकतं, बहुधा रात्री. वजन चार किलो कमी झालंय." मग वही पुढे करा. सोबत नातेवाईक असतील तर त्यांना बोलण्याआधी थांबायला सांगा. दुखणं ज्याचं त्यानेच सांगावं. पाळी, शरीरसंबंध, घरातला ताण असं काही एकटीने सांगायचं असेल तर 'मला डॉक्टरांशी एकटीला बोलायचं आहे' असं म्हणण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

डॉक्टरांनी पोटाला हात लावून तपासायलाच हवं. नुसतं ऐकून तपासण्यांची यादी हातात आली तर नम्रपणे म्हणा, "एकदा पोट बघता का?" हाताने तपासून किती कळतं याचं एक उदाहरण देतो. तुम्हाला उताणं झोपवून दुखऱ्या जागी बोट ठेवतात आणि डोकं-खांदे उचलायला सांगतात. पोटाचे स्नायू ताठ होतात. दुखणं आतल्या अवयवाचं असेल तर ताठ स्नायूंची आड मिळून ते कमी होतं. दुखणं वाढलं तर ते बहुधा पोटाच्या भिंतीत, स्नायूत किंवा तिथल्या अडकलेल्या नसेत असतं. अमेरिकी सर्जन जॉन कार्नेट यांनी १९२६मध्ये सांगितलेली ही खूण आहे. हिला पैसे लागत नाहीत, वेळ लागत नाही, आणि तरीही ती न पाहिल्यामुळे माणसं दोन-दोन सीटी स्कॅन करून बसतात. जागा एका बोटाने दाखवता येत असेल आणि ती दर वेळी तीच असेल तर ही खूण बघायला जरूर सांगा.

तपासण्या: स्वस्तापासून महागाकडे

प्रत्येक तपासणीआधी डॉक्टरांना एकच प्रश्न विचारा: "यातून काय शोधतोय, आणि ते निघालं किंवा नाही निघालं तर पुढे काय बदलेल?" चांगले डॉक्टर या प्रश्नाने दुखावत नाहीत.

पहिल्या फेरीत साधारण हे असतं: रक्ताची संपूर्ण मोजणी, सीआरपी किंवा ईएसआर (अंगात सूज आहे का ते सांगणाऱ्या रक्तचाचण्या), यकृताच्या आणि मूत्रपिंडाच्या चाचण्या, साखर, लघवी, शौच, आणि बाळंतपणाच्या वयातल्या स्त्रीची गर्भधारणा चाचणी. शौचाच्या रिपोर्टवरून दर वेळी 'आव' किंवा जंत ठरवून औषधाचे कोर्स घेत राहणं मला पटत नाही. एकदा नीट उपचार झाल्यावरही दुखत असेल तर कारण दुसरं आहे असं धरून पुढे चला.

इथे एक युक्ती सांगतो, जी फार कमी लोकांना सांगितली जाते: दुखत असताना रक्त द्या. स्वादुपिंडाची सूज असेल तर लायपेज हे त्याचं एन्झाइम रक्तात दुखण्याच्या काळात वाढतं आणि काही दिवसांत खाली येतं. पित्तनलिकेत खडा सरकत असेल तर यकृताची एन्झाइम्स तेवढ्यापुरती उसळतात. दुखणं ओसरल्यावर आठ दिवसांनी दिलेलं रक्त 'सगळं नॉर्मल' म्हणून परत येतं. डॉक्टरांकडून चाचण्यांची चिठ्ठी आधीच लिहून घ्या, जवळची लॅब किती वाजेपर्यंत उघडी असते ते बघून ठेवा आणि कळ आली की जा. मूतखड्याची शंका असेल तर लघवीचंही तेच.

सोनोग्राफीला सहा ते आठ तास उपाशी जावं लागतं, कारण खाल्लं की पित्ताशय आकुंचन पावतं आणि खडे नीट दिसत नाहीत. ओटीपोटासाठी लघवी तुंबलेली हवी. पित्ताशयातले खडे, मूत्रपिंडाची सूज, बीजांडकोशाच्या गाठी हे सोनोग्राफीत चांगलं दिसतं. पण जठरातला अल्सर, आतड्याच्या आतली सूज तिच्यात बहुधा दिसत नाही, आणि पोटात वायू असेल तर स्वादुपिंडही झाकलं जातं. म्हणजे सोनोग्राफी साफ आली याचा अर्थ पोट साफ असा होत नाही. उलट बाजूही लक्षात ठेवा. 'फॅटी लिव्हर ग्रेड १' किंवा पित्ताशयात एखादा खडा दिसला म्हणजे दुखणं त्याचंच, असं नाही. पित्ताशयात खडे असलेल्या बहुतेकांना आयुष्यभर त्रास होत नाही. तुमच्या वहीतलं दुखणं खड्याच्या दुखण्याशी जुळत नसेल तर शस्त्रक्रियेला हो म्हणण्याआधी दुसरं मत घ्या. पित्ताशय काढूनही दुखणं तसंच राहिलेली माणसं थोडी नाहीत.

गव्हातल्या ग्लुटेन या प्रथिनाची ॲलर्जी म्हणून ओळखला जाणारा सीलिअ‍ॅक आजार उत्तर भारतात जास्त दिसतो, तरी आपल्याकडेही असतो. त्याची टीटीजी ही रक्तचाचणी गहू खात असतानाच करायची. पोळी आधीच सोडली असेल तर चाचणी चुकते. निदान सहा आठवडे रोज गहू खाऊन मग ती करावी लागते. आतड्यात खरी सूज आहे की नुसती चाल बिघडली आहे हे ओळखायला शौचातली कॅलप्रोटेक्टिन चाचणी उपयोगी पडते. ती महाग वाटली तरी कित्येकांची दुर्बीण तिच्यामुळे वाचते. वेदनाशामक गोळ्यांनी ती खोटी वाढते हे ध्यानात ठेवा.

दुर्बीण तोंडातून घालायची की शौचमार्गातून, हे लक्षणांवरून ठरतं. तपासणी ठरली की तुकडा घेऊन बायोप्सीला पाठवणार का, ते आधी विचारा. शौचमार्गाच्या दुर्बिणीआधी पोट साफ करण्याचं औषध पूर्ण प्यावं लागतं. अर्धं पिऊन गेलात तर तपासणीही अर्धीच होते. सीटी स्कॅनने खूप दिसतं, पण पोटाच्या एका सीटीत दोन-तीन वर्षांत निसर्गतः मिळतो तेवढा किरणोत्सार मिळतो. त्यामुळे तरुण माणसाने 'एकदाचं सगळं बघून घेऊ' म्हणून तो करू नये. आधीचा सीटी असेल तर त्याची सीडी जपून ठेवा.

क्षयरोग: सुटतोही, उगाच लावलाही जातो

आपल्या भागात वारंवारच्या पोटदुखीत आतड्याचा क्षय विसरून चालत नाही. उजवं ओटीपोट, संध्याकाळचा ताप, भूक मेलेली, वजन उतरलेलं, जेवल्यावर पोटात गोळा उठून गुडगुडत मोकळा होणं असं चित्र असेल तर तो शोधलाच पाहिजे. त्यात बऱ्याचदा खोकला नसतो, म्हणून छातीचा क्षय मनात धरलेल्या माणसाला तो सुचत नाही.

पण शोध पुराव्याने व्हावा. क्षयासाठीच्या रक्तातल्या अँटिबॉडी चाचण्यांवर भारत सरकारने २०१२मध्येच बंदी घातली, कारण त्या भरवशाच्या नव्हत्या. 'टीबी गोल्ड' नावाने होणारी चाचणी जंतूशी कधीतरी संबंध आला होता एवढंच सांगते. आज आजार आहे की नाही हे ती सांगत नाही, आणि भारतात अशा सुप्त संसर्गाची माणसं कोट्यवधी आहेत. मुलांच्या सोनोग्राफीत पोटातल्या बारीक गाठी दिसल्या म्हणून सहा महिन्यांची औषधं सुरू करणं हेही चुकीचं. तशा गाठी निरोगी मुलांतही दिसतात. दुर्बिणीतून तुकडा, त्यावर सीबीनॅट तपासणी (क्षयाच्या जंतूची जनुकं शोधणारी) आणि कल्चर (जंतू वाढवून पाहणं), पोटात पाणी असेल तर त्याची तपासणी असा आग्रह धरा. क्रोन्स नावाचा आतड्याचा आजार क्षयासारखाच दिसतो आणि त्याचे उपचार अगदी वेगळे आहेत. निदान पक्कं झालं तर क्षयाची औषधं सरकारी केंद्रात मोफत मिळतात.

पाळीशी जोडलेलं दुखणं

पाळीचा दिवस लिहायला सांगितलं ते यासाठी. दोन-तीन महिन्यांच्या नोंदीत दुखणं पाळीच्या आधी किंवा पाळीत वाढतंय, शौचाला बसताना किंवा संबंधाच्या वेळी खोल दुखतंय असं दिसलं तर एंडोमेट्रिओसिसचा विचार व्हायला हवा. यात गर्भाशयाच्या अस्तरासारखं ऊतक बाहेर, बीजांडकोशावर, आतड्यावर वाढतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने प्रजननक्षम वयातल्या सुमारे १० टक्के स्त्रियांना हा आजार असतो, आणि निदान व्हायला कित्येक वर्षं लागतात. एवढ्या काळात त्या पोटाच्या डॉक्टरांकडे 'गॅस' म्हणून, स्त्रीरोगतज्ज्ञांकडे 'पाळीत दुखतंच' म्हणून फिरत राहतात. साधी सोनोग्राफी यात बऱ्याचदा साफ येते. अनुभवी तज्ज्ञाने योनिमार्गे केलेली सोनोग्राफी, एमआरआय किंवा गरज पडल्यास लॅप्रोस्कोपी, म्हणजे पोटाला छोटं छिद्र पाडून दुर्बिणीने पाहणं, लागते. 'लग्न झालं की थांबेल' हे उत्तर कोणीही दिलं तरी ते मान्य करू नका. शाळा-कॉलेज बुडवणारी पाळी हे दुखणं आहे आणि त्यावर उपचार आहेत.

सिकलसेल आणि मुलं

विदर्भ, नंदुरबार, धुळे, मेळघाट या पट्ट्यातल्या कुटुंबांत वारंवार पोटात आणि हाडांत कळा, रक्त कमी, डोळे पिवळसर असतील तर सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची चाचणी करून घ्या. विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशी रक्तवाहिन्या तुंबवतात आणि पोटात जीवघेणी कळ येते. नोकरीसाठी मुंबई-पुण्याला आलेल्यांनी आपलं मूळ गाव डॉक्टरांना आवर्जून सांगावं, नाहीतर ते त्यांच्या मनातही येत नाही. प्राथमिक चाचणी सोपी आहे. पक्कं निदान एचपीएलसी या हिमोग्लोबिनचे प्रकार ओळखणाऱ्या रक्तचाचणीने होतं. याची राष्ट्रीय मोहीम जुलै २०२३पासून सुरू आहे.

शाळेच्या वयातल्या साधारण दहातल्या एका मुलाला वारंवार पोटदुखी असते, असं ब्रिटनमध्ये जॉन अ‍ॅप्ली यांनी १९५८मध्येच नोंदवलं होतं. बेंबीभोवती दुखतं, मूल मधल्या वेळात खेळतं, वाढ नीट आहे, तर बहुतेकदा गंभीर काही नसतं. दुखणं खरं असतं, मूल नाटक करत नसतं. बेंबीपासून दूर दुखणं, झोपेतून उठणं, उंची-वजन न वाढणं, शौचात रक्त यांपैकी काही असेल तर तपासणी लागते. बद्धकोष्ठ आणि शाळेच्या शौचालयात जायला टाळणं हे कारण मात्र आधी बघा.

रिपोर्ट नॉर्मल, दुखणं चालूच

इथे बरीच माणसं हात टेकतात. 'काही नाही, मनाचं आहे' हे ऐकून घरी येतात. यातल्या पुष्कळांना आयबीएस (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम) असतो, म्हणजे आतडं आणि मेंदू यांच्यातला संवाद बिघडलेला असतो. हे स्वतंत्र निदान आहे. त्याचे निकष ठरलेले आहेत: सहा महिन्यांपूर्वी सुरू झालेलं, गेल्या तीन महिन्यांत सरासरी आठवड्यातून एक दिवस तरी होणारं दुखणं, आणि शौचाशी, शौचाच्या वारंवारतेतल्या किंवा स्वरूपातल्या बदलाशी त्याचं नातं. डॉक्टरांना विचारा, "माझ्यात हे निकष बसतात का?" बसत असतील, धोक्याची खूण नसेल आणि प्राथमिक तपासण्या ठीक असतील, तर पुढे स्कॅनवर स्कॅन करण्यात पैसे घालू नका, आहार, औषधं आणि ताणावरचे उपचार यांना दोन-तीन महिने द्या. मनाचा भाग असतो हे मान्य करण्यात कमीपणा नाही. नोकरी, कर्ज, घरातली मारहाण यांचा आतड्यावर खरोखर परिणाम होतो.

निकष बसत नसतील तर दुसरं मत घ्या. पण नव्या डॉक्टरांकडे शून्यापासून सुरुवात करू नका. सगळे कागद तारखेच्या क्रमाने लावा, वर एका पानावर लिहा: दुखणं कधीपासून, कोणत्या तपासण्या कधी झाल्या, त्या दिवशी दुखत होतं की नव्हतं, कोणत्या औषधाने काय फरक पडला. बायोप्सीच्या काचपट्ट्या आणि स्कॅनची सीडी मागून घ्या. रुग्णालयात भरती होतात तर कागदपत्रांची प्रत मागितल्यावर ७२ तासांत मिळणं हा तुमचा हक्क आहे. मात्र दर महिन्याला डॉक्टर बदलणं टाळा. दुसरं मत घेऊन शक्यतो पहिल्याच डॉक्टरांकडे परत या, म्हणजे कोणाच्या तरी नजरेसमोर सगळं चित्र राहील.

कोणतंही निदान मिळालं तरी ठरलेल्या मुदतीत, साधारण सहा ते आठ आठवड्यांत, उपचारांचा गुण येतोय का ते वहीवरून पाहा. येत नसेल तर औषध बदलून मागण्याआधी निदानच पुन्हा तपासायला सांगा. आणि आयबीएस म्हणून वर्षानुवर्षं ओळखीच्या झालेल्या दुखण्याने कधी जागा बदलली, रात्री उठवायला लागलं, वजन उतरलं किंवा रक्त दिसलं, तर जुन्या नावावर विसंबू नका. फाईल घेऊन जा आणि डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगा की या वेळचं दुखणं वेगळं आहे, आणि ते कशात वेगळं आहे.